पाण्याकाठी घर घेताना: सोलापूरकर कुटुंबासाठी तयारीची यादी

मासेमारीची आवड असलेल्या आणि मुलाबाळांसह सुटीला जाऊन राहता येईल असे घर शोधणाऱ्या सोलापूरकराने जागा पाहण्याचा पहिला दिवस मे महिन्यातलाच धरावा. ऑगस्ट-सप्टेंबरात भीमा नदीवरचे उजनी धरण भरले की बांधावर उभे राहूनच पाणी दिसते आणि व्यवहार घाईने ठरतो. परंतु उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे आणि मृतसाठ्याची (धरणाच्या तळाशी राहणाऱ्या, उपयुक्त साठ्यात न धरल्या जाणाऱ्या पाण्याची) पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे उपयुक्त पाणी संपेपर्यंत पातळी जवळपास सहा मीटर उतरते. करमाळा तालुक्याच्या बाजूला काठ जिथे सपाट आहे, तिथे सहा मीटर उतार म्हणजे पाणी दूरवर मागे सरकणे होय. २०२४ च्या उन्हाळ्यात तर धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. ही उणे टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात मोजली जाते, त्यामुळे त्या वर्षी मृतसाठ्यातूनही पंचवीस टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी कमी झालेले होते.

म्हणून मे महिन्यात घराच्या जागेपासून पाण्याच्या कडेपर्यंत स्वतः चालत जावे आणि जमल्यास घरातील ज्येष्ठांनाही सोबत न्यावे. वरचा थर उन्हाने भेगाळलेला आणि टणक दिसतो, त्यावर पांढरे शिंपले पसरलेले असतात. पण पाणी जवळ येऊ लागले की तोच थर पायाखाली फुटतो आणि आतल्या काळ्या, ओल्या गाळात पाय घोट्यापर्यंत, कधी त्याहून खोल रुततो. गळ टाकायला बसण्यासाठी खडकाळ किंवा मुरमाड काठ हवा. तो बहुधा उंचवट्याच्या जागी मिळतो आणि तिथे पाणी फारसे मागेही जात नाही. सपाट काठावरची जागा स्वस्त असली तरी मासेमारीसाठी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतरची तयारी कागदपत्रांची असून तिच्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी जमीन ही गाळपेरीची जमीन होय. धरणासाठी संपादित झालेली ही जमीन शासनाची असते, मात्र आसपासचे शेतकरी तिच्यात हंगामी पिके घेतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वहिवाट दिसते आणि तीच मालकी वाटते. ‘थेट पाण्याला लागून’ म्हणून दाखवलेल्या जागेचा शेवटचा पट्टा पुष्कळदा असाच असतो. संपादनाची हद्द कुठून जाते हे जलसंपदा विभागाच्या नकाशावरून पाहावे, भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून मोजणी करून घ्यावी, आणि खुणा रोवल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. नदीकाठची जागा असेल तर निळी (अधिक वेळा येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषाही तपासावी. धरण भरल्यावर खाली भीमेत विसर्ग सुरू होतो, तेव्हा पंढरपूरपर्यंतच्या काठांना त्याची झळ लागते.

सातबारा वाचताना केवळ मालकाचे नाव पाहून थांबू नये. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. उजनीच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींबाबत हे विशेष काळजीने पाहावे. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, वारसांचे हक्क दिसतात, आणि जुने फेरफार (नोंदींत झालेल्या बदलांचे कागद) काढले की ते कसे आले हेही कळते. सोलापूर शहरात गिरण्या आणि यंत्रमागांवर पिढ्या काढलेली हजारो कुटुंबे आहेत, ज्यांच्या नावावर कुठेच शेती नाही. अशा बिगरशेतकरी व्यक्तीला १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यांनी बिनशेती झालेला भूखंड किंवा गावठाणातील घर पाहावे. दोन-चार गुंठे केवळ मुद्रांकावर लिहून देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये, कारण १९४७ पासूनचा तुकडेबंदी कायदा अशा व्यवहाराच्या आड येतो.

कोणते पाणी निवडावे, हे कुटुंब किती वेळा जाणार यावर ठरते. दर रविवारी जायचे असेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव जवळचा आहे. १८७१ साली पूर्ण झालेला हा ब्रिटिशकालीन तलाव शहरापासून अर्ध्या तासाच्या आत येतो, मात्र दुष्काळी वर्षांत त्याचा तळ दिसतो. शिवाय उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजचे माळढोक अभयारण्य असल्याने, घेऊ पाहत असलेले गाव त्याच्या हद्दीत किंवा संवेदनशील क्षेत्रात येते का, हे वन विभागाकडे आधी विचारावे. अक्कलकोटला नेहमी जाणे असेल तर बोरी नदीवरचे कुरनूर धरणही पाहण्यासारखे आहे. परंतु मासळीच मुख्य असेल तर उजनीच्या फुगवट्याला पर्याय नाही, आणि त्यातही जेऊर, पारेवाडी, वाशिंबे या रेल्वे स्थानकांच्या आसपासचा पट्टा मला अधिक पसंत आहे, कारण घरातील गाडी चालवू न शकणाऱ्यांनाही तिथे पोहोचता येते.

मासेमारीचा हक्क घराबरोबर विकत मिळत नाही, हे मनाशी पक्के असावे. जलाशयांतील मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते आणि तिच्यावर स्थानिक मच्छीमार कुटुंबांचे पोट आहे. छंद म्हणून गळ टाकायचा तरी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि तिथल्या संस्थेकडे विचारून घ्यावे. उजनीत आज चिलापी (तिलापिया) माशाचेच राज्य आहे आणि काठाजवळ गांडुळावर ती सहज लागते. रोहू, मृगळ, मरळ, वाम यांच्यासाठी संयम आणि जागेची जाण लागते. पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने त्या दिवसांत गळ घरीच ठेवावा. उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते आणि त्याला वास येतो, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येते. त्या दिवसांत मुलांना पाण्यात उतरवू नये आणि पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी करावी.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नको. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागले की होडी काठाला असावी, आणि लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय कोणीही होडीत पाय ठेवू नये. ऊसपट्ट्यात बिबट्याचाही वावर असतो. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात माणसांचे बळी गेले होते. त्यामुळे कुंपण आणि अंगणातला दिवा ही गरज समजावी.

बांधकाम पाहताना पायाकडे लक्ष द्यावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मुरमापर्यंत न नेलेल्या पायावरच्या भिंतींना दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकस तडे जातात. नुकताच रंग दिलेल्या घरात हेच कोपरे हात फिरवून पाहावेत. वीज गावठाणाच्या वाहिनीवरून आहे की शेतीपंपांच्या, हेही विचारावे, कारण शेतीची वाहिनी ठरावीक तासच चालू असते.

विसार देण्यापूर्वी वकिलाकडून जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. विसारपावतीत मोजणीची हद्द आणि बोजा फेडण्याची मुदत नमूद करून घ्यावी, आणि मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.