गावातून रेल्वे जाणार असेल तर: आखणी पक्की होण्याआधी गावाने काय करावे

शिवारात सर्वेक्षणाचे खुणेचे दगड दिसू लागले की चावडीवर पहिली चर्चा होते ती दराची. ती स्वाभाविक आहे. परंतु मोबदल्याचे सूत्र बऱ्याच अंशी कायद्यानेच ठरलेले असते. रूळ नेमके कुठून जातील, ओढ्यावर मोरी केवढी असेल आणि शेताकडे जाणारी पाणंद कुठे ओलांडता येईल, हे मात्र अजून ठरायचे असते, आणि गावाच्या म्हणण्याला खरे वजन येते ते याच प्रश्नांत.

यात वेळेचे गणित आधी समजून घ्यावे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेत रेल्वेमार्गांचा समावेश नाही, त्यामुळे खाणीसाठी होते तशी जनसुनावणी येथे होत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी रेल्वेला लागू आहेत. पण रेल्वे अधिनियमाखाली जमीन घेतली जाते तेव्हा त्या कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकन करावे लागत नाही. उरते ते रेल्वे अधिनियमाचे कलम 20डी: जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम 20ए ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत, ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे कारणांसह लेखी हरकत घ्यायची. तोवर गट क्रमांक छापून झालेले असतात, म्हणजे आखणी जवळजवळ पक्की असते. शिवाय ज्याची जमीन जात नाही, पण ज्याचा रस्ता तुटतो, त्याला या खिडकीतून आत शिरणे अवघडच.

उशीर झाला की काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. कोकण रेल्वेचा मार्ग किनाऱ्यालगतच्या खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) जमिनींतून न नेता आत वळवावा, यासाठी तिथे मोठे आंदोलन झाले. 1993 मध्ये आयोगही नेमला गेला. परंतु तोपर्यंत काम बरेच पुढे गेले होते आणि मार्ग मुख्यतः ठरल्याप्रमाणेच राहिला. याउलट पुणे-नाशिक मार्गाच्या बाबतीत, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण प्रकल्पाला व्यत्यय येईल या कारणावरून रेल्वे मंत्रालयाने नारायणगाव परिसरातून जाणारी आखणी मान्य केली नाही. आक्षेप तांत्रिक आणि नेमका होता. (अर्थात, गावाच्या ओढ्याला राष्ट्रीय वेधशाळेचे वजन नसते, हेही खरे. आणि तोवर सिन्नर तालुक्यात थेट खरेदीने काही जमिनी घेऊनही झाल्या होत्या.)

म्हणून अंतिम स्थान सर्वेक्षण, म्हणजे रुळांची नेमकी जागा ठरवणारी पाहणी, चालू असतानाच कामाला लागावे. प्रस्तावित आखणीचा नकाशा, पूल व मोऱ्यांची यादी आणि प्रकल्प अहवालातील आपल्या तालुक्यापुरता भाग माहिती अधिकारात मागावा. तो हाती आला की आखणीची रेघ भूमी अभिलेख कार्यालयातून घेतलेल्या गावनकाशावर उतरवावी आणि चार जाणत्या माणसांना घेऊन ती पायी फिरावी, शक्यतो मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. पाणी कोणत्या बांधावरून वळते, कोणता ओढा एरवी कोरडा असूनही जोराच्या पावसात छातीइतका भरतो, हे पुस्तकी आकडेमोडीत सुटू शकते. भराव घातल्यावर हेच पाणी वरच्या बाजूच्या शेतांत तुंबते. पुराच्या खुणा दिसतील अशी छायाचित्रे गट क्रमांकासह जोडावीत.

ओलांडणीकडे तर विशेष लक्ष द्यावे. नव्या मार्गावर फाटक सहसा देत नाहीत. कमी उंचीचा भुयारी मार्ग देतात, आणि तो पावसाळ्यात भरला की पलीकडची वस्ती तुटते. उसाने भरलेल्या ट्रॉलीची उंची टेपने मोजून अर्जात लिहावी आणि भुयारी मार्गाची उंची त्याहून जास्त हवी, असे स्पष्ट मागावे. ‘योग्य उंचीचा मार्ग द्यावा’ या वाक्याचा अर्थ कार्यालयात कोणीही काहीही लावू शकतो. पाणी उपसण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

हे सारे ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा. बाधित खातेदारांबरोबर शेतमजूर, मेंढपाळ आणि पलीकडच्या वस्तीवरून शाळेत येणाऱ्या मुलांचे पालक तिथे बोलू शकतात, म्हणून माझ्या मते ठरावाचे मोल वैयक्तिक अर्जांहून अधिक आहे. शेजारच्या गावांनीही शक्यतो एकाच नकाशावर ठराव करावेत. एका गावाची मागणी दुसऱ्याच्या विहिरीवर जाणारी असेल, तर अधिकारी दोन्ही मागण्या बाजूला सारतात. प्रती प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदार-आमदारांना द्याव्यात. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गासारख्या प्रकल्पांत निम्मा खर्च राज्य सरकारचा असतो, त्यामुळे आमदाराला ‘हा केंद्राचा विषय’ म्हणून हात झटकता येत नाहीत. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी.

दरम्यान सातबारा दुरुस्त करून घ्यावा: वारसनोंदी, पोटहिस्से, विहीर, फळझाडे. संयुक्त मोजणीच्या दिवशी खातेदाराने स्वतः हजर राहावे. जमिनीखालची पाइपलाइन हमखास सुटते. ती पंचनाम्यात आली नसेल, तर सही करण्यापूर्वी त्याच कागदावर तसे लिहावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.