सी बास भाजायचाय? आधी खवले

पाहुणे शनिवारी यायचे असतील तर मासेवाल्याला गुरुवारीच फोन करा. शनिवारी सकाळी जाऊन जे दिसेल ते उचलू, हे बांगड्याला चालतं. सी बास अख्खा भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, भाजायचा तर एका मापाचे दोन-तीन मासे लागतात, नाहीतर एक भाजून होतो तेव्हा दुसरा आत कच्चा असतो. जर्मनीत वुल्फ्सबार्श म्हणून मागा, तुर्की दुकानात लेव्हरेक. ग्रीसमध्ये सुट्टीचं घर घेऊन करणार असाल तर लावराकी, इटलीत उत्तरेला ब्रांझीनो आणि दक्षिणेला स्पीगोला. मासा एकच. दुकानात येतो तो बहुतेक तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्याला किंवा ग्रीसला समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. नाक मुरडू नका, भट्टीसाठी तोच सोयीचा: माप सारखं, अंगात चरबी बऱ्यापैकी, दोन मिनिटं जास्त राहिला तरी कोरडा पडत नाही. समुद्रात पकडलेला महाग असतो, आणि पहिल्याच प्रयोगाला तेवढे पैसे घालू नयेत. चिलियन सी बास नावाच्या गोठवलेल्या जाड पांढऱ्या तुकड्या दिसतील, त्या दक्षिणेकडच्या थंड समुद्रातल्या टूथफिशच्या. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

माप सांगताना हिशेब असा: डोकं, काटा, पोट जाऊन खायला निम्म्याहून कमीच उरतं. ग्रीक खानावळीत माणशी 400-500 ग्रॅमचा एक अख्खा मासा पानात येतो. घरी बटाटे, पाव, सॅलड असेल तर किलोचा एक तिघांना होतो. पण किलोचा मासा साधारण 45 सेंटिमीटर भरतो, तेव्हा फोन करण्याआधी आपल्या भट्टीचा ट्रे मोजा. तिरका ठेवून बसत असेल तर ठीक. शेपूट बाहेर लोंबत असेल तर दोन लहान घ्या.

आता त्याच फोनवरचं दुसरं वाक्य: खवले काढून ठेवा. हे सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. आपल्याकडे कोळणीला ‘साफ करून दे’ म्हटलं की पोट, कल्ले, पर, खवले सगळं त्यात आलं. तिला वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळे आपल्या तोंडात ते वाक्यच नाही. इथे युरोपातल्या काउंटरवर पोट काढणं हे एक काम आणि खवले काढणं हे दुसरं. जर्मनीत पहिल्याला आउसनेमेन, दुसऱ्याला शुप्पन. पहिलंच सांगितलंत तर काही दुकानांत पहिलंच होतं. त्यात दुकानदाराचीही चूक म्हणता येत नाही, कारण हाच मासा जाड्या मिठाच्या थरात पुरून भाजायचा असेल तर खवले मुद्दाम ठेवतात. इटलीत, स्पेनमध्ये ती पद्धत घरोघरी आहे: खवल्यांमुळे मीठ आत शिरत नाही आणि भाजून झाल्यावर मिठाच्या कवचाबरोबर कातडीही निघून जाते. आपण मिठात पुरणार नाही. आपण कातडीसकट खाणार आहोत, आणि भट्टीतल्या सी बासची खरी मजा त्या कुरकुरीत कातडीतच असते. मागच्या खेपेला माझ्या टेबलावर माणसं बोलता बोलता मध्येच थांबत होती, बोटाने जिभेवरून काहीतरी काढून ताटाच्या कडेला लावत होती आणि ‘छान झालाय हं’ म्हणत होती. भाजल्यावर खवला नखासारखा पारदर्शक आणि चिवट होतो, वर थाइमची पानं आणि तेल असल्यावर दिसतही नाही. तोंडात गेल्यावरच कळतो. म्हणून खवले.

दुकानात गेल्यावर ताजेपणा बघायचं तुम्हाला शिकवायला नको. डोळे, कल्ले, वास, बोटाने दाबून. पुढे चला. पिशवीत घालण्याआधी मात्र मासा उलट्या दिशेने, शेपटीकडून डोक्याकडे, बोटाने चोळून बघा. बोट अडलं तर काउंटरवरून परत द्या, तिथेच, लाज न बाळगता, मागे रांग असली तरी. कल्लेही काढलेत का ते झाकण उचलून बघा. राहिले तर डोक्याकडचं मांस कडवट लागतं. पाठीवरचे काटे त्यालाच कात्रीने कापायला सांगा. हे काटे सुईसारखे टोचतात आणि पिशवी फाडतात. कल्ल्याच्या झाकणाची कडही धारदार असते, तिथे बोट जपा.

घरी आलात की पुन्हा खवले बघा. हो, पुन्हा. दुकानातलं यंत्र किंवा घाईतला माणूस बाजू साफ करतो आणि कडा सोडतो. नेमक्या जागा सांगते: पोटाची कड, कल्ल्याच्या झाकणामागची खाच, छातीच्या परांच्या खाली, शेपटीचा बुडखा आणि पाठीवरच्या पराच्या दोन्ही बाजू. सुरीची मागची बाजू किंवा चमचा घ्या, शेपूट घट्ट धरा, डोक्याच्या दिशेने आखूड आखूड ओढा. सिंकमध्ये, बारीक धारेखाली. ओट्यावर कोरडं करू नका, खवले टाइल्सवर, चष्म्यावर, बरणीवर जाऊन चिकटतात आणि वाळले की खरवडावे लागतात. सिंक लहान असेल तर मासा मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून, हात आत घालून काढा. मग धुऊन, किचन पेपरने आतून-बाहेरून खरंच कोरडा करा. आठ-दहा कागद जातात, जाऊ द्या. ओला मासा भट्टीत आधी वाफेवर शिजतो आणि कातडी लिबलिबीत राहते. वेळ असेल तर कोरडा केलेला मासा उघडा फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवा, कातडी आणखी सुकते. पोटात कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याने खरवडून काढायची राहते नेहमी. तीही काढा.

मसाल्याची तयारी सोपी आहे आणि इथेच आपले लोक बिघडवतात. हळदीचा हात आवरा. आलं-लसूण वाटण नको, तिखट नको, लिंबू लावून मुरत ठेवणं तर अजिबात नको: आंबटाने वरचं मांस आधीच पांढरं पडतं आणि भाजल्यावर भुसभुशीत होतं. सुरमईच्या तुकडीला लावायची सवय इथे कामाची नाही. जाडं मीठ, ऑलिव्ह तेल, मिरी. एवढंच बाहेरून. पाठीच्या जाड भागावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरक्या चिरा पाडा, काट्याला लागेपर्यंत नाही, थोडं अलीकडे. चिरा नसतील तर कातडी आवळते आणि मासा वाकडा होतो. चिरा पाडताना सुरी ‘कर्र’ वाजली तर काय राहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. थांबा आणि काढा.

पोटात लिंबाच्या पातळ चकत्या, लसणाच्या ठेचलेल्या दोन पाकळ्या, थाइमच्या काड्या, पार्सलीचे देठ, तमालपत्राचं एखादं पान. रोझमेरी असेल तर बोटभर काडी, जास्त नको, ती सगळ्यांवर कुरघोडी करते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर या माशाबरोबर बडीशेपेच्या झाडाचे देठ वापरतात, बाजारात हिरव्या तुऱ्यासकट बडीशेपेचा कांदा (फेनेल) मिळाला तर देठ आणि तुरे पोटात घाला. तिथल्या सगळ्या जोड्यांत मला ही सर्वांत आवडते, चव आपल्या ओळखीची लागते आणि तरी जेवण आपलं लागत नाही. लिंबाच्या बिया काढा, भाजल्या की कडू होतात. पोट ठासून भरू नका, तट्ट फुगलेला मासा मधून शिजत नाही. कोवळी पानं, म्हणजे पार्सली, तुळशीच्या जातीचं ते बेसिल, बडीशेपेचे तुरे, बाहेर लावू नका, जळून काळी पडतात. ती शेवटी वरून.

ट्रेमध्ये खाली काय, हा प्रश्न वेळेचा आहे. इटलीच्या लिग्युरियात बटाट्याच्या चकत्या, काळे ऑलिव्ह, चिलगोजे घालतात. ग्रीसमध्ये कांदा-टोमॅटोही असतात. पण बटाट्याला चाळीस मिनिटं लागतात आणि 500 ग्रॅमच्या माशाला वीस. एकत्र घातलेत तर कच्चे बटाटे किंवा वाळलेला मासा, दोन्हीतलं एक नक्की. बटाट्याच्या पातळ चकत्या तेल-मीठ लावून आधी एकट्या वीस-पंचवीस मिनिटं भाजून घ्या, मग त्यावर मासा. चेरी टोमॅटो मूठभरच, पाणी सुटतं. केपर्स (मुरवलेल्या खारट-आंबट कळ्या) मिठातले असतील तर धुऊन घ्या. ऑलिव्ह बियांसकटचे चवीला चांगले, पण पाहुण्यांना आधी सांगा.

वरून घालायचं ते सगळं मासा आत जाण्याआधी तयार हवं. ग्रीक लोक लादोलेमोनो करतात: एका लिंबाचा रस, त्याच्या दुप्पट-तिप्पट चांगलं ऑलिव्ह तेल, मीठ, चुरडलेला सुका ओरेगॅनो. बाटलीत घालून दणादण हलवा, दाटसर होतं. इथे सुकाच ओरेगॅनो वापरायचा, तिथेही सुकाच वापरतात. पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं ड्रॉवरमध्ये साठली असतील तर त्यांचा हा दिवस. आपल्याकडचं कागदी लिंबू वापरत असाल तर रस कमी घ्या, ते जास्त आंबट असतं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे दुकानात सी बास म्हणून मिळतो तो आपला जिताडा, गोव्यात चोणक. वेगळ्या जातीचा आहे, पण अख्खा भाजायला उत्तम. अलिबाग-पेणकडचे लोक भट्टी हा शब्द ऐकून माझ्याशी बोलायचं बंद करतील, त्यांनी रस्साच करावा. 600-700 ग्रॅमचा लहान बघून घ्या, घरच्या ओटीजीत त्याहून मोठा मावत नाही. खवले याचे आणखी मोठे आणि जाड. कोळीण काढून देते. ऑनलाइन मागवलात तर अख्ख्या माशाच्या पाकिटावर ‘क्लीन्ड’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, बोट फिरवून बघा. आणि बासा म्हणजे सी बास नाही, ते पांढरे फिलेट परत ठेवा.

भट्टी आधी तापवा. 220 अंश, पंखा असेल तर 200. निदान वीस मिनिटं आधी, दिवा विझल्यावर आणखी पाच. मासा फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर. मीठ लावायचं ते मासा भट्टीत घालायच्या अगदी आधी, नाहीतर पाणी सुटून पुसलेलं वाया. मीठ लावतानाच शेवटचा हात शेपटीकडून डोक्याकडे फिरवा. खवले. यानंतर संधी नाही. खिडकी उघडा, घरात धुराचा अलार्म असतोच.

500-600 ग्रॅमला वीस ते पंचवीस मिनिटं, किलोला तीस-पस्तीस. उलटायचा नाही. पाठीवरचा पर ओढल्यावर सहज हातात आला की झाला. (दुकानात काटे कापून घेतलेत तर निदान एखादा ठेवायला सांगा, नाहीतर डोक्यामागे सुरीचं टोक घालून बघा, मांस काट्यापासून सुटायला हवं.) थर्मामीटर असेल तर 60 अंशांना बाहेर. पाच मिनिटं तसाच ठेवा.

मोठं ताट, काट्यांसाठी वेगळी वाटी, दोन चपटे चमचे. मधल्या रेघेवर चीर द्या, वरचं मांस दोन्हीकडे सरकवा, शेपटीकडून काटा उचला, डोक्यासकट येतो. लादोलेमोनो आता, पार्सली आता. गालाचं मांस कोणाला द्यायचं ते आधीच ठरवा, भांडणं होतात.

पाव, सॅलड, पांढरी वाइन, ज्याला जे. उरलेलं मांस काटे काढून डब्यात, दुसऱ्या दिवशी थंडच पावात. डोकं-काट्यांचा स्टॉक वीस मिनिटं, त्यापुढे कडवट होतो. ट्रे रात्रीच गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी बटाटे निघत नाहीत.