‘सेट मी बॅक’ने माझी वाट लावली

ऐरोलीत कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला, म्हणजे ब्रिटिश कस्टमरचे कॉल घ्यायला, नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. ग्रामर, ॲक्सेंट वगैरे ट्रेनिंगमध्ये होतं, ते सोडा. मारतात त्या पैशाच्या फ्रेजेस.

माझा तिसरा आठवडा. कस्टमर म्हणाला, ‘द रिपेअर सेट मी बॅक टू हंड्रेड पाउंड्स.’ सेटबॅक म्हणजे अडथळा एवढंच डोक्यात, मग मी तिकिटात, म्हणजे कॉलच्या नोंदीत, ठोकलं की रिपेअरला उशीर झाला, २०० पाउंड भरपाई मागतोय, वर ‘सॉरी फॉर द डिले’ म्हणून मोकळी. तो बिचारा फक्त सांगत होता की रिपेअरला त्याचे २०० पाउंड गेले! एस्कलेशन आलं, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेली, टीएलने (टीम लीडरने) अख्ख्या टीमसमोर कॉल वाजवला, रात्री ठाणे लोकलमध्ये दिघ्यापर्यंत नुसती खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तर नीट ऐका. ‘बॅक’च्या पुढे काय येतंय ते बघायचं. पाउंड, डॉलर आले की तेवढा खर्च झाला. ‘टू वीक्स’ आलं की उशीर. ‘हाऊ मच डिड दॅट सेट यू बॅक’ म्हणजे सरळ, कितीला पडलं? आणि पैसे गेले म्हटलं म्हणजे परत मागतोय असं नाही, हे तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

पाचशे इडियम्सच्या पीडीएफ फिरतात, त्या डिलीट करा. माझा टीएल म्हणायचा कॉन्टेक्स्टने समजतं, अरे बाबा, कॉन्टेक्स्ट समजला असता तर रडले कशाला असते? कॉल तपासणाऱ्या क्यूएवाल्या ताईने सांगितलं ते कामाला आलं, अख्खं वाक्य लिहून ठेव, रकमेसकट.

घाबरू नका पण. आपण ‘खिशाला चाट बसली’ म्हणतो तेव्हा चाटतं कोण, हे कोणी विचारतं का? तसंच आहे ते, कान तयार होतो हळूहळू. पण अंदाजाने तिकीट भरलंत तर मेलात, त्यापेक्षा परत विचारा.

‘फोर्क आउट’, ‘शेल आउट’ म्हणाला तर बहुतेक जिवावर आलंय त्याच्या, ‘स्प्लॅश आउट’ म्हणजे हौसेने उडवलेत, तिथे सॉरी म्हणू नका. ‘अ स्टील’ म्हणजे चोरी नाही, स्वस्तात मिळालं. आणि एखाद्या आजीबाई ‘आय नीड टू स्पेंड अ पेनी’ म्हणाल्या तर पेमेंट लिंक पाठवू नका, त्यांना बाथरूमला जायचंय. पूर्वी तिकडे सार्वजनिक टॉयलेटच्या दाराला एक पेनी टाकली की कुलूप उघडायचं. होल्डवर थांबा गुपचूप.