पावसाळा सरताना मधमाश्यांना परागखाद्य: कधी, किती आणि कसं

साखरेच्या पाकावर माशी जगते, पण पिल्लं वाढत नाहीत. पावसाळ्यात पेटीत पाक ठेवणारे पुष्कळ असतात, परागाची उपासमार मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. मग कारळ्याची शेतं पिवळी होतात तेव्हा पेटीत मकरंद आणायला माश्याच नसतात. अळीला लागणारं प्रथिन, स्निग्धांश आणि जीवनसत्त्वं येतात परागातून. दाई माश्या पराग खातात आणि त्यातून तयार झालेला पांढरा रस अळीला भरवतात. एक कामकरी माशी वाढवायला साधारण १२५ ते १४५ मिलिग्रॅम पराग खर्ची पडतो. म्हणजे दहा हजार माश्यांमागे सव्वा ते दीड किलो.

थंड देशांत हे खाद्य वसंताच्या तोंडावर देतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला ती वेळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. पावसाने पराग धुऊन जातो, माशीला बाहेर पडायला उघडीप मिळत नाही, आणि पुढचा मोठा फुलोरा ऑक्टोबरचा असतो.

तारीख ठरवायची ती फुलोऱ्यापासून मागे मोजत. मेलिफेराची (पेटीत पाळतात ती परदेशी माशी) कामकरी अंड्यापासून २१ दिवसांनी बाहेर पडते, सातेरीची (आपली देशी माशी) त्याहून थोडी लवकर. बाहेर पडल्यावर साधारण तीन आठवडे ती पेटीतली कामं करते, मग चाऱ्याला जाते. हे झाले सहा आठवडे. दाई माश्या सुधारायला आणि राणीची अंडी वाढायला आणखी एक धरा. कारळं १५ ऑक्टोबरच्या सुमारास फुलणार असेल, तर पहिली पॅटी (परागखाद्याची लाटलेली चपटी वडी) ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पेटीत हवी. सप्टेंबरअखेर सुरू केलेल्या खाद्यातून वाढलेल्या माश्या फुलोरा ओसरताना चाऱ्याला लागतात.

आधी गरज आहे का ते बघा. उघडीप असेल त्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान दारापाशी दहा मिनिटं बसा. पायांवर रंगीत गोळ्या घेऊन माश्या एकामागून एक येत असतील तर पैसे वाचवा. शिवारात मका तुऱ्यावर असला की बऱ्याचदा असं दिसतं. मक्याचा पराग कसाला हलका, पण काही नसण्यापेक्षा बरा. उलट माश्या पिठाच्या गिरणीत किंवा पशुखाद्याच्या पोत्यांवर घुटमळताना दिसल्या, तर पराग संपलाय असं समजा. त्या भुकटीच पराग म्हणून गोळा करतात.

खरी तपासणी ब्रूडच्या, म्हणजे अंडी-अळ्या-कोष असलेल्या, चौकटीवर होते. सूर्याकडे पाठ करा, चौकट किंचित तिरकी धरा, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडेल. लहान अळी पांढऱ्या रसात तरंगताना दिसली पाहिजे. ती कोरड्या तळावर पडलेली असेल, ब्रूडभोवतीची परागाची कमान गायब असेल, किंवा अंडी भरपूर पण अळ्या मोजक्याच असतील, तर टंचाई आहे. प्रथिन कमी पडलं की माश्या लहान अळ्या खाऊन टाकतात. राणी नापास ठरवून बदलण्याआधी हे पाहावं.

सुमारे सव्वा किलो खाद्यासाठी साहित्य:

तेल काढलेलं, भाजलेलं सोयाबीन पीठ ३०० ग्रॅम
निष्क्रिय ब्रूअर्स यीस्ट १०० ग्रॅम
साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम
स्वतःच्या निरोगी पेट्यांतला पराग १०० ग्रॅम
घरी दळलेली पिठीसाखर ४०० ग्रॅम
पाक (दोन भाग साखर, एक भाग पाणी, वजनाने) सुमारे ३०० ग्रॅम

सोयाबीन घरी कच्चं दळून चालत नाही. कच्च्या पिठातले घटक प्रथिनाचं पचन अडवतात आणि त्यातलं तेल खवट होतं. बेकरीचं जिवंत यीस्ट तर मुळीच नको, खाद्य आंबतं. दूध पावडर जास्त घातली की प्रथिन वाढेल असं वाटतं, पण दुधातली साखर माशीला पचत नाही, म्हणून ५० ग्रॅमवर थांबा. बाजारातल्या पिठीसाखरेत बऱ्याचदा स्टार्च असतो. गूळ आणि काकवी टाळा, माश्यांना हगवण लागते.

परागाबाबत सांभाळून. दुसऱ्याच्या पेटीतला पराग किंवा विकतचा मध वापरलात तर रोगही विकत घ्याल; फाउलब्रूड या अळ्या सडवणाऱ्या रोगाचे बीजाणू मधातून सहज येतात. सातेरीवाल्यांनी तर जास्तच जपावं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती कशा संपवल्या ते जुन्या मधपाळांना ठाऊक आहे. खात्रीचा पराग नसेल तर तो वगळा, पिठाची मापं तीच ठेवा. चव थोडी कमी लागेल. फ्रीजरमधला पराग चांगला टिकतो. वर्षभर डब्यात पडलेल्या वाळक्या परागाचा कस मात्र बराच उतरलेला असतो.

सगळी पिठं वस्त्रगाळ करा. भरड कण माश्या खात नाहीत, उचलून दाराबाहेर टाकतात, आणि खाद्य संपल्याचा भास होतो. पराग १०० मिलि कोमट पाण्यात तासभर भिजवून विरघळू द्या. पाकासाठी पाणी गरम करून खाली उतरवा, साखर ढवळा, पूर्ण गार होऊ द्या. पाक उकळत ठेवू नका. मग पिठात पराग आणि थोडा थोडा पाक घालत पुरणाइतकं मऊ मळा. झाकून रात्रभर ठेवलं की पीठ पाणी ओढतं आणि गोळा घट्ट होतो, तेव्हा थोडा पाक राखून सकाळी पुन्हा मळा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण उताराला धरल्यावर ओघळू नये. ओघळलं तर ब्रूडवर टपकतं आणि माश्या चिकटून मरतात.

बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये गोळा लाटून एक सेंटिमीटरहून पातळ पॅटी करा. सातेरीच्या पाच-सहा चौकटींच्या वसाहतीला ५० ग्रॅम, मेलिफेराच्या आठ-दहा चौकटींना १०० ते १२५ ग्रॅम. खालच्या कागदाला चार-पाच चिरा द्या आणि पॅटी चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर, बरोबर ब्रूडच्या डोक्यावर ठेवा. दोन चौकटी बाजूला सरकली तरी माश्या तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. वरचा कागद काढू नका, नाहीतर ती वाळून फरशीसारखी होते. झाकण बसत नसेल तर उंचीपुरती लाकडी पट्टीची चौकट मध्ये घाला.

काम संध्याकाळी उरका, दार दोन बोटांइतकं लहान करा. दिवसा उघड्यावर वास सुटला की शेजारच्या पेट्या लुटायला येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पोहोचतात.

तीन-चार दिवसांत पॅटी संपली पाहिजे. संपली तर लगेच दुसरी, उरली तर पुढची निम्मी. दमट हवेत शिळ्या तुकड्यावर बुरशी चढते आणि मेणकिडा अंडी घालतो. दोन-तीनच चौकटी माश्या असलेल्या वसाहतीला मोठी पॅटी म्हणजे मेणकिड्याला आमंत्रण. अशा दोन वसाहती निरोगी असतील तर आधी एकत्र करा. सातेरी घाणीला आणि वारंवारच्या उघडझापीला कंटाळून पेटी सोडून जाते, म्हणून तिथे फक्त झाकण उचलून बघा, चौकटी हलवू नका. आणि पेटीत पाक किंवा मध आहे ना ते पाहा. प्रथिन आहे पण साखर नाही, अशा वसाहतीत ब्रूड वाढत नाही.

सगळ्यांत महाग पडतं ते मध्येच थांबणं. तीन आठवडे खाद्य दिलं, राणीने अंडी वाढवली, आणि ऐन अळ्यांच्या वेळी पॅटी बंद झाली, तर सगळं ब्रूड उपाशी. म्हणून पहिली पॅटी ठेवण्याआधीच सात आठवड्यांचा हिशोब करा: आठवड्याला दोन पॅट्या धरल्या तर सातेरीच्या एका पेटीला सुमारे ७०० ग्रॅम, मेलिफेराला १,४०० ते १,७५० ग्रॅम. एवढी तयारी नसेल तर पेट्या कमी निवडा.

ब्रूडभोवती ताज्या परागाची कमान सलग दिसू लागली की माश्या पॅटी आपणहून सोडतात. तेव्हा उरलेला तुकडा कागदासकट काढा, पाकही बंद करा, आणि मगच सुपर (मधासाठीचा वरचा कप्पा) चढवा. आधी चढवलात तर साखरेचा पाक तुमच्या मधात जाईल.