पिकअपमधला चावी-दाराचा बीप बंद करताना या चुका टाळा

चावी इग्निशनमध्ये, दार उघडं, रेडिओ चालू, माल चढवणं सुरू आणि डॅशबोर्डमधून अखंड टिंग-टिंग. दिवसभर पिकअपवर काम करणाऱ्याला हा आवाज नकोसा होतो, हे मला पूर्ण पटतं. पटत नाही ती पुढची घाई. हातात कटर घ्यायचा आणि पहिली दिसेल ती वायर तोडायची. अशा गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बीपची नसतेच. कुणाचं सेंट्रल लॉक मनाप्रमाणे वागतं, कुणाची बॅटरी उतरते, कुणाचा रेडिओ स्टेशनं विसरतो. शोधत गेलं की शेवटी पॅनलमागे तोडलेली वायर सापडते.

दाराच्या स्विचला हात घालणं

सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. बीप वाजायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. चावी आत आहे असं सांगणारा स्विच आणि ड्रायव्हरचं दार उघडं आहे असं सांगणारा स्विच. लोक दुसरा निवडतात, कारण तो समोर दिसतो आणि त्याच्यापर्यंत हात पोचतो. पण दार उघडं आहे की बंद, ही माहिती एकट्या बीपला लागत नाही. केबिनचा दिवा, मीटरवरची दाराची खूण, चोरीचा अलार्म, सेंट्रल लॉक आणि काही गाड्यांत चावी काढल्यावरही थोडा वेळ चालणारा रेडिओ, हे सगळे त्याच स्विचवर विसंबून असतात.

एका गृहस्थांची पिकअप आली होती. तक्रार अशी की गाडी आपोआप लॉक होते. रिमोटने लॉक उघडायचं, दार उघडायचं, चावी सीटवर टाकायची, दार लोटून मागे माल लावायला जायचं. परत येईपर्यंत चारही दारं लॉक आणि चावी आत. एकदा तर काच फोडावी लागली. त्यांनी आधी रिमोटची बॅटरी बदलली, मग दुसरा रिमोट आणला, मग एका गॅरेजने दारातली लॉकची मोटर बदलून दिली. दोष तसाच.

मी दारात उभा राहून दाराचा स्विच, म्हणजे खांबावरचा रबरी टोपीचा दट्ट्या, बोटाने दाबला, सोडला. केबिनचा दिवा पेटला नाही. बल्ब काढून पाहिला, तो चांगला होता. पायाजवळचं पॅनल उघडल्यावर स्विचची वायर तोडून टेप गुंडाळलेली दिसली. मग सगळा उलगडा झाला. बऱ्याच गाड्यांत रिमोटने लॉक उघडल्यावर ठरावीक वेळेत, साधारण 30 सेकंदांत, एकही दार उघडलं नाही तर गाडी पुन्हा लॉक होते. चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये, म्हणून ही सोय. इथे ड्रायव्हरचं दार उघडलं तरी गाडीला ते कळतच नव्हतं. तिने नेमून दिलेलं काम चोख केलं. वायर जोडली आणि तक्रार तिथेच संपली. काच, रिमोट आणि मोटर यांचा खर्च एका बीपपायी झाला होता आणि याची मला खरंच हळहळ वाटते.

काही गाड्यांत उलटं घडतं. स्विच खांबावर नसून दाराच्या लॅचमध्ये, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या खटक्यात, असतो आणि कनेक्टर काढला की गाडीला दार कायम उघडं वाटतं. वेळाने दिवा विझवण्याची सोय नसेल तर तो जळत राहतो. पाच-पाच वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे 0.8 अँपिअर. 60 अँपिअर-तासांची चांगली बॅटरीसुद्धा यावर तीन दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात टेकतो.

बीप का वाजतो हे न बघता तोडफोड

चावी काढून खिशात ठेवली, हेडलाइटही बंद आहेत, तरी दार उघडताच बीप वाजतो? मग तो त्रास नाही, बिघाड आहे. लॉक सिलेंडरमधला चावीचा स्विच घाणीने किंवा झिजून अडकला आहे. दार नीट लावलं असताना मीटरवर उघड्या दाराची खूण दिसते? लॅचमधला स्विच जुन्या ग्रीसने चिकटलाय. लॅचमध्ये साफ करणारा स्प्रे मारून दार बऱ्याच वेळा उघडबंद करा, नंतर थोडं वंगण द्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. पाच मिनिटं धीर धरून कधी वाजतो, कधी थांबतो एवढं पाहिलं, तरी अर्ध्या लोकांना कटर शोधावा लागणार नाही. नवशिक्यांकडे हत्यारं भरपूर असतात, ही पाच मिनिटं मात्र कुणी देत नाही.

फ्यूज काढणं

नको. बीपला स्वतंत्र फ्यूज क्वचितच असतो. त्याच फ्यूजवर मीटर, केबिनचा दिवा किंवा रेडिओची मेमरी असते.

आवाज देणारा भागच उपटून टाकणं

जुन्या पिकअपमध्ये बीपची वेगळी डबी असायची, ती काढली की शांतता. पण हेडलाइट चालू राहिल्याचा आणि सीटबेल्टचा इशाराही बहुधा तीच देते, कुठे कुठे ऑइल प्रेशरचासुद्धा. नंतरच्या गाड्यांत हे काम मीटरच्या आत किंवा बॉडी कंट्रोल मोड्यूलमध्ये, म्हणजे दिवे-लॉक वगैरे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत, गेलं. जनरल मोटर्सच्या 2003 नंतरच्या बऱ्याच पिकअपमध्ये तर हे आवाज रेडिओमार्फत स्पीकरमधून येतात. तिथे बाहेरचा रेडिओ साध्या वायरिंगवर बसवला की सगळे इशारे एकदम गप्प होतात आणि मालकाला ते कळतही नाही.

पिवळ्या कनेक्टरशी खेळ

स्टिअरिंग कॉलमचं कव्हर उघडलं की पिवळे कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेल्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या. तिथे टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का पाहायचा दिवा, लावला तर एअरबॅग फुटू शकते, तीही तोंडासमोर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, कारण तार काढल्यावरही त्या यंत्रणेत काही काळ चार्ज असतो. इथे घाई करणाऱ्याला मी शेजारी उभं राहू देत नाही.

मी काय करतो

आधी मॅन्युअल आणि मेन्यू. अमेरिकेच्या सुरक्षा मानक 114 प्रमाणे चावी आत असताना ड्रायव्हरचं दार उघडलं तर आवाजी इशारा द्यावाच लागतो. त्यामुळे तिथल्या नियमांनी बनलेल्या गाडीत तो पूर्ण बंद करायचा पर्याय शोधत बसू नका. आवाज कमी करण्याची सोय मात्र काही गाड्यांत असते. ती नसेल आणि बझर, म्हणजे बीप वाजवणारा भाग, हाताशी असेल, तर त्याच्या भोकावर जाड टेपचे दोन थर लावतो. आवाज दबतो, पण एकही इशारा मरत नाही. माझ्या मते बहुतेकांना एवढंच पुरेसं आहे.

तरीही पूर्ण शांतताच हवी असेल तर चावीचा स्विच बघावा. जुन्या पुष्कळ पिकअपमध्ये लॉक सिलेंडरजवळ दोन वायरींचा छोटा कनेक्टर असतो. तो काढून स्विचच्या बाजूला मल्टिमीटर लावायचा. चावी घालता-काढता सर्किट जुळत आणि तुटत असेल, तर हाच तो. कापायचं नाही. मोकळं टोक टेपने गुंडाळायचं, हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, बांधायचं आणि त्यावर चिठ्ठी लावायची. पुढच्या मेकॅनिकला ती चिठ्ठी लागणार आहे. दोनपेक्षा जास्त वायरी असतील, तर वायरिंगचा नकाशा मिळेपर्यंत मी हात लावत नाही.

बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर मी हे काम घेतच नाही. तिथे दार उघडताच वाजणारा बीप सांगतो की इंजिन चालू आहे किंवा गिअर पार्कमध्ये नाही. उतरल्यावर गाडी घरंगळली तर मध्ये माणूस असतो.

सीटबेल्टचा बीप गप्प करायला त्याच्या खाचेत नकली बकल घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बकल काढून त्यांच्या हातात देतो.

काम झाल्यावर

पॅनल बसवण्याआधी काच खाली करून ठेवा, मग तपासा. चावी आत ठेवून दाराचं लॉक दाबा. काही गाड्या चावी आत असेल तर लॉक होऊ देत नाहीत आणि ती सोय आता गेलेली असू शकते. तसं असेल तर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. हेडलाइट चालू ठेवून दार उघडा, त्याचा बीप यायलाच हवा. प्रत्येक दाराला केबिनचा दिवा पेटतो-विझतो का बघा. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत अँपिअर मोजणारा मीटर लावून, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा. चांगल्या गाडीत आकडा साधारण 50 मिलिअँपिअरच्या खाली उतरतो. उतरला नाही तर सगळ्यांत शेवटी हात लावलेला कनेक्टर आधी तपासा.