वाढत्या वयातील खेळाडूचे एसीएल तुटले तर

कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना गुडघ्यात 'कट्' आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर एमआरआय करून घ्या. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, पूर्ण तुटले असेल तर पुढचा प्रश्न वयाचा. जन्मतारखेवर विसंबू नका. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात, ते धरा.

कारण गुडघ्याजवळच्या वाढीच्या चकत्या, म्हणजे हाड जिथून लांब होते ते कूर्चेचे थर. शस्त्रक्रियेत एरवी हाडात बोगदा पाडून त्यात एसीएलच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवतात, आणि तो बोगदा या चकत्यांतून जाऊ शकतो. मांडीच्या हाडाची चकती वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वाढ देते. तिच्यात स्क्रू किंवा हाडाचा तुकडा अडकला की तेवढ्या जागी वाढ थांबते, पाय वाकडा किंवा आखूड होतो. म्हणून बरीच वाढ बाकी असेल तर चकतीला न छेदणारी पद्धत निवडतात, उदाहरणार्थ मांडीच्या बाहेरच्या बाजूची आयटी बँड ही चिवट पट्टी वापरून. वयात आलेल्या मुलांत चकतीतून अरुंद, शक्य तितका उभा बोगदा चालतो; त्यात फक्त हॅमस्ट्रिंगसारखा (मांडीच्या मागचा) मऊ स्नायुबंध भरायचा आणि पकड चकतीपासून दूर ठेवायची. दात्याचा स्नायुबंध या वयात टाळलेला बरा, तो जास्त वेळा तुटतो.

'मोठा झाल्यावर बघू' हा सल्ला महागात पडतो: लटपटत्या गुडघ्यात मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटतो.

शस्त्रक्रियेनंतर किमान ९ महिने स्पर्धा नाही, १२ असतील तर उत्तम. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के हवी. एका पायावरची उडीही तपासा. वाढ थांबेपर्यंत दोन्ही पायांचे पूर्ण लांबीचे एक्स-रे ठरावीक काळाने काढत राहा.