अर्धशिशी की टेन्शनचं डोकं, आधी ओळखा मग गोळी घ्या

डोकं दुखत असताना जिना चढताना जरा लक्ष द्या. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर वाशीची गाडी पकडायला पूल चढावाच लागतो ना, तेव्हा कळतं. प्रत्येक पायरीला डोक्यात ठणका वाढतोय आणि इथेच कठड्याला धरून बसावंसं वाटतंय तर ती बहुतेक अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. आणि डोकं आवळल्यासारखं आहे, जड आहे, पण पूल चढून गाडीत बसल्यावरही होतं तेवढंच आहे तर ते टेन्शनचं डोकं. मला हा फरक कळायला ११ वर्षं लागली कारण आमच्या घरात डोकं दुखलं की त्याला एकच नाव, पित्त.

आईला व्हायचं, मावशीला व्हायचं, मग मला सुरू झालं. उलटी झाली की बरं वाटायचं, म्हणजे पित्तच असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं, म्हणून मी कोकम प्यायले, आवळा खाल्ला, सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, आणि महिन्यातले चार-पाच दिवस अंधार करून पडून राहायचं ते काही थांबलं नाही. मुळात उलट आहे. मळमळ, उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे, अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं म्हणून अन्न आणि गोळी दोन्ही तिथेच पडून राहतात. गडबड सुरू होते मेंदूत. चेहऱ्याची आणि डोक्याच्या आवरणाची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे, ती चेतवली जाते आणि सीजीआरपी नावाचं रसायन सोडते, त्यातून तो ठणका येतो. २०२१ चं ब्रेन प्राइझ हेच शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना मिळालं. आणि हो, घराण्यात असतं हे, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट, त्यामुळे "आईला पण होतं" हे डॉक्टरला आवर्जून सांगा.

मायग्रेनची ओळख अशी की उपचार नाही केला तर ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतं, बहुतेक वेळा एका बाजूला पण दोन्हीकडेही असू शकतं, ठणठणतं, हालचालीने वाढतं, आणि सोबत मळमळ, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. काहींना त्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकणाऱ्या रेषा किंवा आंधळा ठिपका दिसतो, हाताला-ओठाला मुंग्या येतात, हे ५ ते ६० मिनिटं चालतं, त्याला ऑरा म्हणतात. ऑरा येणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळी सुरू करायच्या आधी गायनॅकला हे सांगायलाच हवं कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने त्यांना स्ट्रोकचा धोका वाढतो. हे मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी भेटेल तिला सांगत असते.

अजून दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे मान. अटॅक यायच्या काही तास आधीपासून किंवा आदल्या दिवशीच मान धरते, जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. मग लोक मानेचा एक्सरे काढतात, पट्टा लावतात. दुसरं सायनस. डोळ्यामागे, गालावर दुखतं, नाक चोंदतं, पाणी येतं, पण हे मायग्रेनमध्येही होतं. नाकातून घट्ट पिवळं-हिरवं येत नाही, ताप नाही, आणि दर महिन्याला तेच "सायनस" होतंय तर एकदा मायग्रेनच्या बाजूने विचार करा.

टेन्शनच्या डोक्याचं वेगळं. दोन्ही बाजूंनी फडकं घट्ट बांधल्यासारखं, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत चालू शकतं, उलटी नाही, काम करता येतं पण मजा नसते कशातच. नावात टेन्शन आहे म्हणून फक्त काळजी करणाऱ्यांनाच होतं असं नाही, मान-खांद्याचे स्नायू आखडणं, कमी झोप, लॅपटॉप खाली ठेवून आठ तास वाकून बसणं, हे सगळं त्यात येतं. याला शेक खूप चांगला, गरम पाण्याची पिशवी मानेखाली पंधरा-वीस मिनिटं. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा, खाली चार जाड पुस्तकं ठेवली तरी चालतं, तासाला एकदा उठून खांदे मागे फिरवा, आणि नंबर बदललाय का ते एकदा डोळे तपासून बघा. लागली तर एक साधी पॅरासिटामॉल. माझ्या शेजारच्या काकूंचं रोजचं डोकं फक्त संध्याकाळी अर्धा तास तलावपाळीला चालायला लागल्यावर निम्म्यावर आलं, मायग्रेनवाल्याला मात्र अटॅकमध्ये चला म्हणू नका.

आता घाबरायचं कधी तेही सांगते कारण हे सगळ्यात महत्त्वाचं. क्षणात, मिनिटाभरात शिगेला पोचलेली आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान वाकवता न येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं अडखळणं, फीट, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर घरी बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं तीव्र दुखणं, हेही लगेच दाखवायचं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया असतोच, तापासोबत डोकं दुखत असेल तर फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बाकी सगळ्यांसाठी पहिलं औषध भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचा खाडा आणि सिलेंडरची तारीख जिथे लिहिता तिथेच डोकं दुखलं त्या दिवशी 'अ' किंवा 'ट' लिहा, अर्धशिशीचा अ, टेन्शनचा ट. गोळी घेतली तर प्रत्येक गोळीला एक टिंब. पाळी आली तो दिवस, जेवण चुकलं तो दिवस, जागरण झालं तो दिवस यावर एक छोटी खूण. तीन महिने करा. मी केलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या ज्या मला कधीच दिसल्या नव्हत्या. माझे बहुतेक 'अ' पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत आणि चतुर्थीला, आणि एका महिन्यात टिंबं होती बावीस.

त्या टिंबांबद्दल थांबून बोलायला हवं. डोकेदुखीच्या गोळ्याच जास्त झाल्या की त्यांनीच डोकं दुखायला लागतं, आणि ते दुखतं म्हणून आपण अजून गोळी घेतो. साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या गोळ्या) किंवा कॅफीन वगैरे मिसळलेल्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर मिळणाऱ्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की हे होऊ शकतं. कोणी सांगत नाही हे. माझं रोज सकाळी उठताच दुखायचं ते यामुळे. गोळ्या बंद केल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला, मी सुट्टी टाकली होती, पण दुसऱ्या आठवड्यात मधले दिवस कोरे यायला लागले. हे मनाने करू नका, डॉक्टरला विचारून करा, काही गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. आणि पुढे आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नाही असं ठरवून टाका.

पण कमी दिवस घ्यायची म्हणजे उशिरा घ्यायची असं नाही. इथे बरेच जण चुकतात, मीही चुकायचे, "बघू, राहील आपोआप" म्हणून घणसोलीपर्यंत जायचं, ऑफिसात दुपारी वाढल्यावर अर्धी गोळी घ्यायची, तोवर पोट थांबलेलं, मग काय उपयोग. मायग्रेनच आहे हे कळलं की दुखणं थोडं असतानाच, पहिल्या तासात, पूर्ण डोस. निरोगी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम किंवा खाऊन घेतलेली आयब्युप्रोफेन ४०० हे साधं उदाहरण, पण अल्सर, किडनी, हृदय, बीपी, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. मळमळ फार असेल तर डॉक्टर उलटी थांबवणारी गोळी सोबत देतात, त्याने मुख्य गोळीही नीट लागू पडते. एवढ्याने नाही भागलं तर सुमाट्रिप्टानसारखी खास मायग्रेनची गोळी असते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच, आणि हृदयविकार, स्ट्रोक झालेला किंवा आटोक्यात नसलेला बीपी असलेल्यांना ती चालत नाही.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील तर रोज घ्यायच्या, अटॅकच येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यांची नावं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नाही, मूल हवं असेल तर टोपिरामेट नाही, फ्लुनारिझिनने झोप आणि वजन वाढतं, म्हणून आपली सगळी हिस्टरी सांगा. अमिट्रिप्टिलिन नैराश्याची गोळी आहे असं गुगलवर वाचून माझ्या बहिणीने सोडून दिली होती, पण डोकेदुखीला ती खूप कमी डोसमध्ये देतात, रोजच्या टेन्शनच्या डोक्यालाही. दोन-तीन महिने दिल्याशिवाय गुण कळत नाही. सीजीआरपी अडवणारं महिन्याचं इंजेक्शनही आता आहे, महाग आहे, गोळ्या लागू पडल्या नाहीत तर त्याचा विचार होतो.

खाण्यापिण्याची लांबलचक बंदीची यादी मी पाळत नाही. मेंदूला रोजचं वेळापत्रक बदललेलं आवडत नाही, एवढं धरून चाला. उपास करायचा तर करा पण पोट रिकामं ठेवू नका, दर तीन तासांनी फळ, दाणे, ताक. रविवारी दहापर्यंत झोपून सकाळचा चहा उशिरा झाला की कॅफीन वेळेवर न मिळाल्यानेही डोकं उठतं, म्हणून सुट्टीलाही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. मे महिन्यात टोपी, गॉगल, पाण्याची बाटली. गाडीच्या डब्यात कोणाच्या तरी परफ्यूमने सुरू होत असेल तर दाराकडे वाऱ्याला उभं राहा, पण आत, लटकून नाही.

आणि घरातल्यांसाठी. तिला "झालं का बरं" असं दर दहा मिनिटांनी विचारू नका. पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद, पाण्याचा तांब्या आणि एक प्लास्टिकची बादली उशाशी. कपाळावर किंवा मानेवर थंड पाण्याची घडी. पोरांना खाली खेळायला पाठवा. त्या दिवशी हिंग-मिरचीची फोडणी नको, वास सहन होत नाही, वरणभात करा, आणि कुकर लावाल तेव्हा किचनचं दार लोटून घ्या.